परीक्षा की मोह? : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील मानवी दुर्बलतेचे चित्रण

उमरेड येथे काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमवेत 'स्मृतिचित्रे' वाचीत असता एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न या लेखाचे निमित्त होय. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली पत्नीला मागे ठेवून बाप्तिस्मा घेतला, त्या प्रसंगापर्यंत आमचे वाचन आले होते. विद्यार्थ्याने विचारले, "त्या वेळी लक्ष्मीबाई हा टिळकांपुढील मोह होता, की ती त्यांची परीक्षा होती?" वर्गात थोडा हशा झाला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. विद्यार्थ्याला ग्रीक येत नव्हते आणि धर्मशास्त्राशीही त्याचा परिचय नव्हता. तरीही मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकाला ज्या गाठीपाशी थांबावे लागते, तीवर त्याने नेमके बोट ठेवले होते. प्रस्तुत लेखकाला त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढील विवेचन हा ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्नाचे मूळ एका शब्दात आहे. ख्रिस्ताने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत, तसेच रानातील चाळीस दिवसांच्या कथेत, नव्या करारातील ग्रीक मूळ 'पेइरास्मॉस' हे नाम किंवा त्याच धातूची क्रियापदे योजते. या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एखाद्याचा कस पाहणे आणि एखाद्याला वाममार्गाकडे ओढणे. ग्रीक भाषेत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सुखाने नांदतात, कारण सोने आगीत घालणारा आणि सोन्यात भेसळ करू पाहणारा यांच्या कृती बाहेरून सारख्याच दिसू शकतात. मराठी भाषांतरकाराला ही सोय नाही. त्याला निवड करावी लागते. प्रॉटेस्टंट परंपरेच्या प्रचलित भाषांतराने प्रार्थनेत 'परीक्षा' हा शब्द घेतला. कॅथलिक उपासनेत 'मोह' हा शब्द रूढ झाला. गोव्याकडील कोकणी प्रार्थनेत तिसराच शब्द आहे : 'ताळणी'. गणिताचा ताळा पाहणे या मराठी प्रयोगातील 'ताळा' याच्याशी त्याचे नाते असावे असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. तो खरा ठरल्यास मूळ ग्रीक शब्दाच्या सर्वांत जवळ कोकणीच गेली असे म्हणावे लागेल, कारण ताळा पाहताना बेरीज बरोबर निघेल की चूक हे आधी ठरलेले नसते.

या निवडीचा त्रास केवळ मराठीलाच झाला असे नव्हे. देवच माणसाला मोहात नेतो की काय, असा समज प्रार्थनेच्या शब्दांमुळे होऊ नये म्हणून २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी प्रचलित भाषांतरांविषयी जाहीरपणे असमाधान व्यक्त केले आणि २०२० साली इटालियन मिस्सा-ग्रंथात तो शब्दप्रयोग बदललाही गेला. पण तेथे वाद क्रियापदाचा होता. माणसाला तेथे कोण नेतो, एवढाच. मराठीत वाद नामाचा आहे, आणि नाम बदलले की माणसाविषयीची सारी कल्पनाच बदलते. मराठी भाषांतरकाराची अडचण किती खरी आहे हे पाहावयाचे असेल तर याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय पाहावा. देव कोणालाही पापाकडे ओढीत नाही, असे तेथे प्रतिपादन आहे. 'परीक्षा' या शब्दावर स्थिर राहिलेल्या प्रॉटेस्टंट भाषांतरालाही त्या ठिकाणी 'मोह' शब्दाचा आश्रय घ्यावा लागला आहे.

आता या दोन शब्दांच्या पदरात मराठी परंपरेने काय काय बांधून दिले आहे ते पाहू.

'मोह' हा शब्द मराठी वाचकाला प्रथम भेटतो तो षड्रिपूंच्या यादीत. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर : सहांतील तो चौथा. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतही अशीच एक यादी आहे. चौथ्या शतकात इव्हाग्रियस या मिसरी वाळवंटातील तपस्व्याने साधकाला छळणारे आठ 'विचार' मोजले आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी त्यांची मांडणी करून सातांची परंपरा घातली : गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि आळस. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर पाच दोष उघड जुळतात. ख्रिस्ती यादीतील खादाडपणा आणि आळस यांना आपल्याकडे जागा नाही. आणि आपल्या यादीतील मोह हा त्यांच्याकडे नाही! ज्या दोषाला पाश्चात्त्य ख्रिस्ती नीतिशास्त्राने स्वतंत्र नाव दिले नाही, त्याचेच नाव मराठीत सर्व प्रलोभनांचे सामान्यनाम होऊन बसले, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

याचे कारण असे की, आपल्याकडे मोह म्हणजे मूलतः ओढ नव्हे. मोह म्हणजे भूल, भ्रम, शुद्ध हरपणे. मूर्च्छा आणि मोह एकाच धातूपासून आले नसले तरी अर्थाने सख्खे आहेत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की, इच्छा नसताना, जणू बळाने जुंपल्याप्रमाणे, मनुष्य पाप का करतो? ज्ञानेश्वरांनी या स्थळी काम-क्रोधांचे जे विस्तृत वर्णन केले आहे ते मराठी वाङ्मयातील दुर्बलतेच्या विवेचनाचे मूळपीठ मानावे लागते. पण त्या विवेचनाची दिशा ज्ञानाकडे आहे : शत्रूने ज्ञानाला वेढले आहे, तो वेढा उठवावयाचा आहे. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुन जेव्हा बोलतो तेव्हा आपला मोह नष्ट झाला असेच तो सांगतो. मोह नाहीसा होतो, दिवा लावल्यावर अंधार नाहीसा होतो तसा. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात वरकरणी अर्जुनाचाच प्रश्न आहे. चांगले करावे असे वाटते आणि हातून वाईट घडते, अशी ती तक्रार आहे. परंतु पौलाला ज्ञानाची उणीव नाही. त्याला सर्व काही ठाऊक आहे आणि तरीही तो पडतो. दिवा लावलेला असताना ठेच लागते, हे त्याचे दुःख आहे. या दुःखाला 'मोह' म्हटले की ते हलके होते. दुर्योधनाच्या तोंडी घातले जाणारे धर्म जाणूनही प्रवृत्ती न होण्याविषयीचे प्रसिद्ध वचन पौलाच्या अधिक जवळचे आहे. पण ते वचन आपण दुर्योधनाच्या तोंडी ठेवले, साधकाच्या नव्हे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

'परीक्षा' या शब्दाची परंपरा वेगळी. मराठी श्रोत्याच्या कानी हा शब्द पडला की त्याला हरिश्चंद्र आठवतो आणि त्याहूनही अधिक श्रियाळ-चांगुणा आठवतात. श्रीधराच्या 'शिवलीलामृता'मुळे (१७१८) चिलया बाळाची कथा महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली. अतिथिरूपाने आलेला शंकर पोटच्या मुलाचे मांस मागतो, आई ते शिजवते, आणि अखेर बाळ परत मिळते. अब्राहाम आणि इसहाक यांच्या कथेशी या कथेचे साम्य दाखविण्यासाठी विद्वत्तेची गरज नाही. पण ज्या अर्थाने चांगुणेची परीक्षा होते त्या अर्थाने ती दुर्बल नाही. परीक्षेच्या कथेत भक्ताचे सामर्थ्य आधीच गृहीत धरलेले असते. कथा ते केवळ उघड करते. आई रडते, पण डगमगत नाही. डगमगली तर कथाच उरत नाही.

म्हणजे मराठीने ख्रिस्ती लेखकापुढे दोन वाटा ठेवल्या. 'मोह' म्हटले तर दुर्बलता अज्ञानात जमा होते. 'परीक्षा' म्हटले तर ती सामर्थ्याची पार्श्वभूमी होते. जाणता मनुष्य, देवावर प्रेम करणारा मनुष्य, दररोज थोडा थोडा पडतो आणि थोडा थोडा उठतो, या अवस्थेला स्वतंत्र शब्द नाही. तुकोबांच्या आत्मनिवेदनपर अभंगांत ही अवस्था निःसंशय आहे. शब्द नसला तरी सूर आहे. टिळकांसारखा कवी त्या सुराकडे का ओढला गेला याचे एक उत्तर येथे सापडते.

कालानुक्रमाने पाहता पहिले नाव फादर टॉमस स्टीफन्स यांचे. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे भाषासौंदर्य अनेकांनी वाखाणले आहे. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली देवनागरी आवृत्ती सिद्ध केल्यानंतर तो सामान्य अभ्यासकाच्या हाती आला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने स्टीफन्सची अडचण निराळी होती. षड्रिपू माणसाच्या देहात राहतात, बोलत नाहीत. रानातील कथेत मात्र कोणीतरी समोर येऊन बोलतो, शास्त्रवचने उद्धृत करतो, वाद घालतो. पुराणाच्या चौकटीमुळे स्टीफन्सला हा बोलणारा शत्रू सहज मिळाला, कारण पुराणांत देव-दानवांचे संवाद नवे नव्हते. पण जे मिळाले त्याची किंमतही द्यावी लागली. शत्रू असुराच्या जागी बसला की श्रोता निर्धास्त होतो, कारण असुर हरणार हे त्याला ठाऊक असते. 'ख्रिस्तपुराणा'त आदिमानवाच्या पतनाची करुणा आहे, ख्रिस्ताच्या विजयाचे वैभव आहे. पण सासष्टीतील ज्या नवख्रिस्ती श्रोत्यासाठी ते रचले गेले त्याच्या स्वतःच्या मनातील घालमेल त्यात ऐकू येत नाही. ती ऐकू यावी अशी अपेक्षा त्या काळच्या पुराणाकडून करणेही अन्यायाचे होईल.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलते. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली नवा करार मराठीत बाहेर पडला. कॅरीला साह्य करणाऱ्या वैजनाथ पंडिताने पुढे १८१६ साली नागपूरकर भोसल्यांची वंशावळी तेथेच छापविली, एवढाच या उद्योगाचा आपल्या प्रदेशाशी धागा. नागपुरात १८४५ पासून स्टीफन हिस्लॉप यांच्या स्कॉटिश मिशनने शिक्षणाचे मोठे काम केले. पण आत्मपरीक्षणपर मराठी वाङ्मयाचे केंद्र मुंबई आणि अहमदनगर हेच राहिले. हरि केशवजींनी बनियनच्या प्रसिद्ध रूपकाचा अनुवाद 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ मध्ये केला. आत्म्याचा प्रवास, पाठीवरचे पापाचे ओझे, वाटेतील दलदल, मायावी बाजार हे सर्व मराठी वाचकाला या पुस्तकाने प्रथम दाखविले. बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राची घडण पाहिली तर त्या रूपकाची छाया जाणवते. १८५४ साली बेळगाव येथे बाप्तिस्मा घेण्यापूर्वीची त्यांची चालढकल, लोकांची भीती, घरच्यांची माया यांचे त्यात तपशीलवार वर्णन आहे. मात्र यात्रिकाची कथा दरवाजाशी संपत नाही, तशी पदमनजींची कथा बाप्तिस्म्याशी जवळजवळ संपते. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत याच्या नेमके उलट सांगितले आहे : १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे लोटल्यावर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, याची त्यांना जाणीव झाली. धर्मांतराच्या वाङ्मयात इतके निर्भीड विधान क्वचितच सापडेल.

येथे त्या काळच्या धर्मांतरिताच्या स्थितीतील एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रानातील कथेत शत्रू तीन गोष्टी पुढे करतो : भाकरी, लोकांना थक्क करणारा चमत्कार आणि जगातील राज्ये. (मत्तय आणि लूक यांच्यात शेवटच्या दोहोंचा क्रम उलटा आहे, पण भाकरी दोघांकडेही पहिली.) महाराष्ट्रातील धर्मांतरितावर समाजाचा पहिला आरोप हाच होता : पोटासाठी बाटला. म्हणजे समाजाच्या दृष्टीने मिशन हेच प्रलोभन होते, आणि तो त्याला बळी पडला होता. मिशनच्या दृष्टीने पाहिले तर प्रलोभन पलीकडच्या बाजूस होते : आईचे अश्रू, बायकोचे माहेर, पंक्तीतले पान, पुन्हा शुद्ध करून घेण्याची आशा. दोन्ही बाजू एकमेकींकडे बोट दाखवून 'मोह' म्हणत होत्या आणि मध्ये उभा असलेला मनुष्य दोन्हीकडे परीक्षा देत होता. आपण भाकरीसाठी आलो नाही हे एकीकडे सिद्ध करावयाचे. आपण मायेने मागे फिरणार नाही हे दुसरीकडे.

या पेचातील नैतिक काठिण्य मराठी समीक्षेने पुरेसे ओळखले नाही, असे खेदाने म्हणावे लागते. आईच्या अश्रूंना मोह म्हणावे काय? तसे म्हणणारा मनुष्य आपल्या निश्चयाचे रक्षण करतो खरा, पण प्रेमाला सैतानाचे हत्यार ठरवितो. तसे न म्हणावे तर निश्चय कशाच्या बळावर टिकवावा? आपल्या संतचरित्रांतही घर सोडणारे पुष्कळ आहेत. तेथे मागे राहिलेल्या स्त्रीची बाजू आपण बहुधा विनोदाने उडवून लावली. तुकोबांच्या पत्नीला आपण कजाग करून ठेवले. विद्यार्थ्याच्या प्रश्नाने हसू आले ते त्याच सवयीने.

टिळक नागपुरास आले ते १८९१ च्या सुमारास, आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने. पुढे १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार वाचावयास दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही हकीकत सुपरिचित आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढील सुमारे पाच वर्षे पती-पत्नींच्या संसाराची ताटातूट, भेटी, पुन्हा ताटातूट यांत गेली.

टिळकांच्या अभंगांविषयी थोडेच सांगतो, कारण त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ते उद्गार केवळ छंद आणि भाषा यांना लावून चालणार नाही. तुकोबांकडून टिळकांनी जे घेतले ते मुख्यतः स्वतःवर फिर्याद करण्याचे धैर्य होय. टिळकांचा अभंग वाचताना वाचक सैतानापेक्षा 'मी'शीच अधिक झुंजतो. पण अभंगाचा एक अंगभूत धर्म आहे : तो शेवटी विसावतो. अंतिम चरणात कवीची नाममुद्रा येते आणि झुंज, निदान त्या अभंगापुरती, मिटते. ज्या अवस्थेला शब्द नाही असे वर म्हटले, ती अवस्था न मिटणारी आहे. ती दाखवावयास दिवसामागून दिवस सांगणारे गद्य लागते. पती आणि पत्नी यांच्या वाङ्मयाची तुलना करताना हा प्रकारभेद विसरला जातो.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांतील विनोद, प्रांजळपणा आणि घरगुती भाषा यांची स्तुती आता इतकी रूढ झाली आहे की, तिच्यामुळेच पुस्तकाचा गाभा झाकला गेला आहे. पुस्तकाचा आरंभ पाहावा. सत्तावन्नच्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्या आघाताने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून येणारी प्रत्येक वस्तू धुवून घेण्यापर्यंत ते गेले. लेखिका हे सारे हसत सांगते. पण या हसण्याखाली एक निदान आहे : भयाने पछाडलेला मनुष्य शुद्धतेचा आश्रय घेतो, आणि ते शुद्धतेचे वेड मग घरातील सर्वांना छळते. वडिलांचा दोष दुष्टपणाचा नाही आणि अज्ञानाचाही नाही. तो दुखावलेल्या मनाचा आहे. षड्रिपूंच्या यादीत त्याला जागा नाही, सातांच्या यादीतही नाही.

हेच सोवळे पुढे लेखिकेच्या स्वतःच्या वाट्याला येते. ती टिळकांकडे परत येते, पण वेगळी चूल मांडून. एकाच छपराखाली दोन स्वयंपाक चालतात. टिळकांनी तिच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. राहुरीस असताना जातिभेदाविषयी तिचे तिनेच विचार केले आणि सोवळे सोडले; १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. या सर्व प्रकरणात वाचकाला थांबविणारी गोष्ट अशी की, लेखिका मागे वळून आपल्या सोवळ्याला पाप म्हणत नाही. अन्य कोणत्याही धर्मांतरकथेत या ठिकाणी अंधार आणि प्रकाश यांची उपमा आली असती. येथे मुलीला बापाचे वेड वारशाने मिळाले आणि तिने ते हळूहळू, स्वतःच्या डोक्याने उतरविले, एवढेच आपल्याला दिसते. आणि ज्या नवऱ्याने तिला टाकले असे सारा गाव म्हणत होता, त्याच्याविषयीचा तिचा राग आणि लोभ दोन्ही त्याच पानांत शेजारी बसलेले आहेत.

टिळकांचे तिने काढलेले चित्र तर ख्रिस्ती चरित्रवाङ्मयात दुर्मिळच म्हटले पाहिजे. संतापी, घटकेत पेटणारे आणि घटकेत विरघळणारे; घरात दाणा नसताना हातातले पैसे भलत्याच वस्तूवर उधळून येणारे; दाराशी आलेल्या कोणालाही घरात ठेवून घेणारे. बाप्तिस्म्याने हा स्वभाव बदलून दुसराच मनुष्य जन्मास आला असे ती दाखवीत नाही. राग पुढेही भेटत राहतो, भांडणे पुढेही होतात. पण रागानंतरचा पश्चात्ताप ती तितक्याच बारकाईने टिपते, आणि तो पश्चात्ताप प्रवचनात प्रकट होत नाही. एखाद्या वेडगळ, लाजऱ्या, प्रेमळ कृतीत प्रकट होतो. अत्यंत उदार मनुष्य घरच्या माणसांच्या बाबतीत निष्काळजी असू शकतो, आणि ती उदारता व तो निष्काळजीपणा एकाच मुळातून येतात, हे तिने ओळखले आहे. हे ओळखणे नीतिशास्त्रातील फार पुढची पायरी आहे. दोष उपटून टाकावा तर गुणही हाताशी येतो, गव्हातील निदणाच्या दाखल्यात शेताचा धनी सांगतो त्याप्रमाणे.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. लक्ष्मीबाईंना एवढ्या गहन विचाराचे श्रेय देणे म्हणजे समीक्षकाने आपले पांडित्य त्यांच्या पदरी बांधणे नव्हे काय? त्यांचे शिक्षण घरगुती. धर्मशास्त्राच्या परिभाषेत त्यांनी एक ओळही लिहिली नाही. आक्षेप खरा आहे, पण त्यातूनच उत्तर निघते. परिभाषा नव्हती म्हणूनच 'मोह' आणि 'परीक्षा' यांतील निवड त्यांच्यावर आली नाही. त्या प्रसंग सांगतात. प्रसंगात ओढही असते आणि कसोटीही असते, आणि ती वेगळी काढून दाखविण्याची गरज त्यांना भासत नाही. ग्रीक शब्दात जे एकत्र होते ते मराठी नामांनी तोडले आणि मराठी गोष्टीने पुन्हा जोडले. याहून मोठा आक्षेप असा घेता येईल की, या पुस्तकात देवाशी केलेले भांडण फारसे नाही, असते ते माणसांशी. ते मला मान्य आहे. ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनाशी 'स्मृतिचित्रां'ची तुलना करू पाहणाऱ्याने या मर्यादेचा विचार केला पाहिजे.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्याशाची वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. देशभक्ती, भक्तिमार्ग, मिशनऱ्यांशी मतभेद अशी त्याची अनेक कारणे सांगितली जातात व ती योग्यच आहेत. त्यांत आणखी एक जोडावेसे वाटते : भाकरीसाठी आला, या बावीस वर्षांपूर्वीच्या आरोपाला दिलेले ते उशिराचे, पण रोकडे उत्तर होते. मात्र संन्यास घेणारा मनुष्य पुन्हा एकदा पत्नीच्या संमतीचा प्रश्न उभा करतो. १८९५ मध्ये जो प्रश्न होता तोच येथे वेष बदलून आला. फरक एवढाच की, या वेळी लक्ष्मीबाई मागे राहिलेल्या नव्हत्या.

उमरेडच्या त्या विद्यार्थ्याला आज उत्तर देताना मी प्रथम एवढेच म्हणेन की, १८९५ साली टिळकांनी स्वतः या प्रश्नाचे उत्तर कोणते दिले असते याचा अंदाज करण्यापेक्षा पुढे काय घडले ते पाहावे. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे आरंभीचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. अखेरची भर त्यांचे पुत्र देवदत्त यांनी घातली आणि ग्रंथ १९३८ मध्ये, लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रीला मागे ठेवल्यावाचून ख्रिस्ताकडे जाता येणार नाही असे १८९५ साली वाटले होते, तिच्याच हातून ख्रिस्ताची कथा पुरी झाली.

अभ्यासकांसाठी दोन कामे शिल्लक आहेत. श्रीरामपूरच्या पहिल्या मुद्रणापासून आजपर्यंतच्या प्रत्येक मराठी आवृत्तीत या एका ग्रीक शब्दासाठी कोणकोणते मराठी शब्द आले, स्थलपरत्वे ते कसे बदलले, याची संपूर्ण सूची व्हावयास हवी. त्यात पंडिता रमाबाईंचे, विद्वज्जड संस्कृत शब्द जाणूनबुजून टाळणारे, मूळ भाषांवरून केलेले भाषांतर अवश्य घ्यावे. दुसरे काम 'ख्रिस्तायना'तील दोन हातांच्या तुलनेचे. पतीच्या अध्यायांतील आणि पत्नीच्या अध्यायांतील दुर्बल माणसे, म्हणजे नाकारणारा पेत्र, संशयी थोमा, पळून जाणारे शिष्य, एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने यांपैकी दुसरे काम पत्करले आहे आणि तूर्त तो पेत्रापाशी अडला आहे.